सात घरं, नऊ वाटा

"मग या लिंकचा पत्ता कुठला?"

शाल्मली केंजळेनं तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद स्टोव्हवरून किटली उतरवत होते. त्यांनी दोन कपांत चहा ओतला, एक तिच्यापुढं सरकवला.

"या लिंकला पत्ता नाही, मॅडम."

"म्हणजे कुठं लिहून ठेवलेला नाही?"

"म्हणजे दिलेलाच नाही."

शाल्मलीनं चहाला हात लावला नाही. पुण्याहून ती सहा आठवड्यांसाठी आली होती. हे सगळं रेडिओचं जाळं समजून घ्यायचं, नीट करायचं आणि कंपनीच्या ताब्यात द्यायचं, एवढंच काम. आज पहिलाच दिवस होता.

"नऊ लिंका आहेत इथं," ती म्हणाली. "त्यातल्या किती लिंकांना पत्ते आहेत?"

"एकीलाही नाही."

...

दस्तगीर मुलाणींचं आयुष्य टेलिफोनचे खांब चढण्यात गेलं होतं. खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावर ते धरणाच्या पाण्याकाठी, एका टेकडीवरच्या जुन्या दर्ग्यापाशी येऊन राहिले. झाडलोट करायची, संध्याकाळी ऊद लावायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचं. लोक त्यांना उस्ताद म्हणत. कशाचे उस्ताद, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग एका आरोग्य संस्थेनं दर्ग्यामागं टॉवर उभा केला. पाण्यापलीकडच्या गावांत ना मोबाइलला रेंज होती, ना डॉक्टर. टेकडीवरचा टॉवर, तालुक्याचं रुग्णालय आणि काठाकाठानं पाच आरोग्य उपकेंद्रं, अशी सात ठिकाणं रेडिओनं जोडायची होती; दोन ठिकाणांमधली वाट म्हणजे एक लिंक. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. आलेला निरोप कुठल्या बाजूला धाडायचा ते ठरवणारी पेटी.

जोडायला आलेला इंजिनिअर दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. उस्तादांनी त्याची मागं राहिलेली पुस्तकं उघडली. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते.

आठ वर्षं ते जाळं त्यांच्याच हातावर चालत होतं. आता संस्थेनं ते पुण्याच्या कंपनीकडं सोपवायचं ठरवलं होतं.

"पुस्तकात असं लिहिलंय," शाल्मली म्हणाली, "की राउटरची प्रत्येक बाजू वेगळ्या लिंकला लागते, आणि प्रत्येक बाजूला स्वतःचा आयपी पत्ता लागतो. लिंकच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. चार आकड्यांचा एक गट घ्यायचा. पहिला आणि शेवटचा सोडायचा, मधले दोन दोन टोकांना द्यायचे. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मीही वाचलंय ते."

"मग?"

"पुढचं पानही वाचलं."

शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्याकडे तीन परीक्षांची प्रमाणपत्रं होती. तिसरी परीक्षा तिच्या वर्गातून ती एकटी पास झाली होती.

"पुढच्या पानावर काय आहे ते मला माहीत आहे. लिंकला पत्ता न देता राउटरचा एकच पत्ता सगळ्या बाजूंना वापरता येतो. पण ती पळवाट आहे. ज्यांना आकडे पुरत नाहीत, त्यांच्यासाठी."

उस्तादांनी आपला चहा संपवला.

"चला," ते म्हणाले.

टेकडीखाली पाण्याचा एक अरुंद फाटा आत घुसला होता. पलीकडच्या काठावर एक माणूस गवत कापत होता. पाठमोरा, वाकलेला.

उस्तादांनी हात तोंडाशी नेला आणि हाळी दिली.

"ओऽऽ"

माणूस उठून उभा राहिला. वळून त्यानं हात वर केला.

उस्तादांनीही हात वर केला. माणूस पुन्हा गवताला लागला.

"त्याचं नाव काय?" शाल्मलीनं विचारलं.

"कुणास ठाऊक."

...

शाल्मलीला त्यांचं म्हणणं समजलं. समजलं म्हणूनच तिचा राग वाढला.

"आणि तिथं तिघं असते तर?"

उस्तादांनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं.

"मग नाव लागलं असतं," ते म्हणाले. "तिघं असतील तिथं मीही देतो. इथं एका टोकाला एकच आहे."

"हे तुम्हाला माहीत आहे. मशिनला कसं कळणार?"

"मशिनला एवढंच सांगायचं, की या बाजूनं टाकलेलं एकालाच पोचतं. मग ते विचारत नाही."

"आणि राउटरचा तो एकच पत्ता? तो कुठल्या लिंकवर लावता?"

"कुठल्याच नाही. तो पेटीच्या पोटात. एक वाट तुटली तरी घर दुसऱ्या वाटेनं सापडतं. त्याच पत्त्यावर."

"मला हे मान्य नाही," शाल्मली म्हणाली.

"नसू दे."

ते टेकडी चढायला लागले. मागं वळून त्यांनी पाहिलं नाही.

पुढचे तीन आठवडे ती रोज भांडत होती.

उस्ताद टॉवरवर चढत तेव्हा ती खालून प्रश्न विचारी. ते उपकेंद्रात बॅटऱ्या तपासायला जात तेव्हा ती होडीत समोर बसून वाद घाली. लिंकला पत्ता नसेल तर ती स्क्रीनवर दिसणार कशी. बिघाड झाला तर नेमका कुठं, हे दूर बसलेल्या माणसाला कळणार कसं. उद्या तुम्ही नसलात तर.

"उद्या मी नसलो तर," उस्ताद म्हणाले, "तुम्ही असाल."

"मी असं चालवणार नाही."

"ठीक."

त्यांच्या त्या 'ठीक'नं ती जास्तच चिडे. ते भांडत नसत. मानही तुकवत नसत.

पुण्याहून पराडकरांचे फोन येत. पराडकर तिचे वरिष्ठ. कंपनीत त्यांनी एक मोठा स्क्रीन बसवला होता. राज्यभरातल्या सगळ्या लिंका त्यावर हिरव्या ठिपक्यांनी दिसत. स्क्रीन प्रत्येक लिंकच्या दोन्ही पत्त्यांना दर मिनिटाला हाक मारी. उत्तर आलं की हिरवा, नाही आलं की लाल.

"तुमच्या भागात काळं आहे सगळं," पराडकर म्हणत. "हिरवं नाही, लालही नाही. काळं. सोमवारी संस्थेचे लोक स्क्रीन बघायला येणार आहेत. त्याआधी नऊच्या नऊ लिंकांना पत्ते द्या."

"उस्ताद तयार नाहीत, सर."

"त्यांना विचारतंय कोण?"

शाल्मलीनं उस्तादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी करणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला करायचं असेल, तर लिंकच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस उभा करा. मग हात लावा."

"त्याची गरज नाही. आधी पलीकडच्या राउटरचा पत्ता बदलायचा, मग अलीकडचा. दहा सेकंद लिंक तुटते, परत येते. मी हे पन्नास वेळा केलंय."

"कुठं?"

"लॅबमध्ये."



शुक्रवारी दुपारी ते जुम्म्याच्या नमाजाला खालच्या गावात गेले. जाऊन यायला दोन तास लागत.

टॉवरखालच्या खोलीत शाल्मली एकटी होती. बाहेर फाल्गुनाचं ऊन. तिनं लॅपटॉप उघडला आणि पहिली लिंक निवडली. टेकडी ते निवळशेत. निवळशेत समोरच्या काठावरचं उपकेंद्र. त्या गावाला ती एकच वाट होती.

तिचा तक्ता तयार होता. शेवटचा आकडा अलीकडं २५, पलीकडं २६.

ती पलीकडच्या राउटरमध्ये शिरली. पत्ता टाइप केला. बटण दाबलं. लिंक तुटली, जशी तुटायला हवी होती.

मग तिनं अलीकडचा पत्ता टाकला आणि हात मांडीवर ठेवले.

दहा सेकंद.

वीस.

एक मिनिट.

लिंक आली नाही.

तिनं तक्ता पाहिला. अलीकडचा आकडा पाहिला. बरोबर होता. पुन्हा टाकला. मग राउटर बंद करून चालू केला. मग ती टॉवरपाशी जाऊन वर रेडिओकडं बघत राहिली. रेडिओच गेला असणार, तिला वाटलं. नेमका आत्ताच.

अर्धा तास गेला. तिनं पराडकरांना फोन लावला.

"रेडिओ जुनाट असतील," पराडकर म्हणाले. "तुम्ही दुसरी लिंक घ्या. ही नंतर बघू."

तिनं दुसरी लिंक उघडली. पण आकडा टाइप करायला हात उठेना. ती तशीच बसून राहिली.

उस्ताद आले तेव्हा घामानं भिजले होते. ते नेहमीच्या चालीनं आले नव्हते.

"निवळशेतच्या धक्क्यावर लाल कापड हलवतायत," ते म्हणाले. "लिंक बघा."

"लिंक गेलीय. रेडिओ बिघडलाय."

उस्तादांनी दारातूनच भिंतीवरच्या रेडिओच्या छोट्या पेटीकडं पाहिलं. तिच्यावरचे चारही दिवे लागलेले होते.

"रेडिओ बोलतोय," ते म्हणाले. "एकमेकांना बरोबर ऐकतायत दोघं. तुम्ही काय केलंत?"

...

"पत्ता दिला," शाल्मली म्हणाली.

"पलीकडं काय टाकलंत?"

"सव्वीस."

"नक्की?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. टाइप करून तिनं बटण दाबलं होतं. लिंक तुटली होती. काय टाइप केलं ते पुन्हा वाचायला तिला वेळच मिळाला नव्हता.

उस्तादांनी दाराआडची वल्ही उचलली.

"चल," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते तिला 'चला' म्हणाले नाहीत.

पलीकडं जाणारी लाँच चार वाजता होती. आत्ता पावणेतीन वाजले होते. उस्तादांची लाकडी होडी खडकाला बांधलेली होती. ते एका वल्ह्यावर बसले, ती दुसऱ्यावर. तिला वल्हवता येत नव्हतं. होडी एका बाजूला वळायला लागली.

"माझ्याकडं बघ," उस्ताद म्हणाले. "मी पुढं झुकलो की झुक."

पाणी रुंद होतं. तिच्या तळहातांची सालं निघाली. धक्क्यावरचं लाल कापड अजून हलत होतं.

"मला बोला काहीतरी," ती मधेच म्हणाली. "शिव्या द्या."

"वल्हव."

धक्क्यावर गावातली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, उभी होती. लाल लुगड्याचा तुकडा तिनं काठीला बांधला होता.

"चंद्राबाईला इंचू चावलाय," ती म्हणाली. "लाकडं रचत होती. लाल इंचू. सिस्टरबाय कधीपास्नं डॉक्टरला हाका मारतीय, डबडं कायबी बोलंना."

शाल्मली धावत चढ चढली.

उपकेंद्रात खाटेवर पन्नाशीची एक बाई पडली होती. कपाळ, गळा, हात घामानं ओले. अंग गार. नर्स वनिता शेडगे तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघत होती. समोर टेबलावरचा स्क्रीन मोकळा होता. नुसता निळा.

"पहिली गोळी दिलीय," वनिता म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "आता बीपी घसरतंय. दुसरी द्यायची का थांबायचं, मला कळत नाही. सलाईन लावू का, तेही विचारायचंय. लिंकला काय झालं?"

"मी केलं ते," शाल्मली म्हणाली.

वनितानं आता वर पाहिलं.

"मग नीट कर."

राउटर कोपऱ्यात फळीवर होता. शाल्मलीनं लॅपटॉपची तार जोडली. तिची बोटं रक्ताळली होती, अक्षरांवर घसरत होती. तिनं राउटरचा पत्ता वाचला.

शेवटचा आकडा ४६.

दोनच्या जागी चार. टेकडीवरचं टोक सव्वीसला हाक मारत होतं आणि इकडचं शेहेचाळीसवर बसून होतं. दोघं समोरासमोर, दोघांचे कान वेगवेगळ्या नावाकडं.

तिनं आकडा बदलला. या वेळी बटण दाबण्याआधी मोठ्यानं वाचला. दारात उभ्या उस्तादांनी मान डोलावली.

निळ्या स्क्रीनवर तालुक्याच्या रुग्णालयातली खोली आली. डॉक्टर भोईटे पुढं वाकून बघत होते.

"कुठं होतात सिस्टर तुम्ही? पेशंट दाखवा."

वनितानं कॅमेरा फिरवला. डॉक्टरांनी चंद्राबाईला नाव विचारलं, पाय वर करायला सांगितले, नाडी मोजून घेतली. दुसरी गोळी आत्ता नाही, म्हणाले, त्यानं बीपी आणखी पडेल. आधी सलाईन, हळू. अर्ध्या तासानं पुन्हा बीपी. मी इथंच बसतो.

ते खरंच बसले. साडेपाचपर्यंत.

शाल्मली बाहेर पायरीवर बसली होती. वनिता एकदा बाहेर आली, हात धुतले, तिच्याकडं पाहिलं.

"अजून पाऊण तास उशीर झाला असता," ती म्हणाली, "तर मी दुसरी गोळी दिली असती."

एवढं बोलून ती आत गेली.

चंद्राबाईला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसवलं. तिनं पेज मागितली.

शुक्रवारी संध्याकाळी होडीतून परतताना शाल्मली म्हणाली होती, "मी तो पत्ता काढून टाकते. पहिल्यासारखं करते."

"आता आकडा बरोबर आहे?"

"हो."

"लिंक चालतीय?"

"हो."

"मग कशाला काढतेस? भ्यालीस म्हणून?"

...

ती वल्हं ओढत राहिली.

"भिऊन काढशील तर परत कुणी दटावलं की घालशील," उस्ताद म्हणाले. "राहू दे."

शनिवार, रविवार ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. हातांना पट्ट्या बांधून टाइप करत होती. उस्ताद जेवण दारात ठेवत आणि ताट न्यायला येत. विचारत नसत.

रविवारी संध्याकाळी ती दर्ग्याच्या ओट्यावर येऊन बसली. उस्ताद ऊद पेटवत होते.

"सात घरं आहेत," ती म्हणाली. "नऊ वाटा. घरांना पत्ते दिले तर सात आकडे. वाटांच्या दोन्ही टोकांना दिले तर आणखी अठरा. अठराही माणसानंच टाइप करायचे, आणि ते जोडीजोडीनं जुळले पाहिजेत. मी पहिलाच चुकले."

उस्तादांनी निखाऱ्यावर फुंकर घातली.

"पळवाट नाही ती. जिथं चुकायची जागाच नको, तिथं तुम्ही जागा ठेवली नाहीत."

"पण तुझा साहेब म्हणतो तेही खोटं नाही," उस्ताद म्हणाले. "लिंकला पत्ता असला की तिची खबर लांबून घेता येते. पुण्यात बसून. मला तसं येत नव्हतं. कुठं काही झालं की मी होडी काढत आलोय."

"तेच केलं दोन दिवस." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "वाटेला हाक मारायची नाही. घराला विचारायचं, तुझे शेजारी तुला दिसतायत का. प्रत्येक राउटरला ते माहीत असतंच. टेकडी म्हणाली, मला निवळशेत दिसत नाही, की ती वाट लाल. पत्ता नसला तरी."

स्क्रीनवर सात चौकोन होते आणि त्यांच्यामध्ये नऊ हिरव्या रेघा.

"निवळशेतचा आकडा काढला मी," ती म्हणाली. "आज दुपारी. वनिताताई पलीकडं राउटरपाशी उभ्या होत्या, आशाताई धक्क्यावर."

उस्तादांनी चष्मा लावून बराच वेळ त्या रेघा पाहिल्या. एका रेघेवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या.

"हे मला सुचलं नसतं," ते म्हणाले.

...

"उद्या साहेब येतील," ते पुढं म्हणाले. "ते सांगतील तसं कर. पत्ते घालायला सांगितले तर घाल, मी होडी घेऊन पलीकडं उभा राहीन. तुझी नोकरी आहे."

"नाही."

"ऐक माझं. मी म्हातारा माणूस. तुला पुढं जायचंय."

"नाही, उस्ताद."

सोमवारी पराडकर गाडीनं आले. त्यांच्याबरोबर संस्थेचे कुणी नव्हते. ते लोक दुपारी पुण्यात स्क्रीन बघणार होते. पराडकरांनी एक फाइल आणली होती.

त्यांनी शाल्मलीचा नवा नकाशा उभ्यानंच पाहिला.

"छान आहे. पण आपल्या स्क्रीनला हा चालत नाही. पत्ते घाला."

"स्क्रीनला चालेल असं करून देते, सर. चार दिवस द्या."

"चार दिवस नाहीत माझ्याकडं." त्यांनी फाइल उघडली. "आणि हा शुक्रवारचा अहवाल. वाचा आणि सही करा."

तिनं वाचलं. तीन परिच्छेद होते. निवळशेतची लिंक एक तास चाळीस मिनिटं बंद होती, असं पहिल्यात. लिंकांना पत्ते न देण्याच्या जुन्या, सदोष पद्धतीमुळं बिघाड झाला, असं दुसऱ्यात. ती पद्धत राबवणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याला तत्काळ कामातून मुक्त करावं, असं तिसऱ्यात.

तिनं कागद उस्तादांना दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि परत केला.

"कर सही," ते म्हणाले. "मला काय फरक पडतो? मी झाडू मारत होतोच."

शाल्मलीनं पेन घेतलं. दुसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: पत्ता देताना मी आकडा चुकवला. पलीकडं माणूस उभा करा, असं मला सांगितलं होतं. मी केला नाही.

मग तिसऱ्या परिच्छेदावर रेघ मारली. खाली सही केली.

पराडकरांनी ते वाचलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"तुम्हाला कळतंय का काय लिहिलंय? हे संस्थेकडं गेलं तर तुम्हाला ते मागं घेता येणार नाही. मलाही नाही."

"कळतंय."

"आणि पत्ते?"

"घालणार नाही."

"कारण?"

"शुक्रवारी तिथं एक बाई होती, सर. तिचं नाव चंद्राबाई. तुमच्या अहवालात ती नाहीच."

"मी जाळ्याबद्दल विचारतोय."

"मीही जाळ्याबद्दलच सांगतेय."

...

पराडकर तिच्याकडं बघत राहिले. रागावलेलं माणूस कधीतरी नरमतं, याची त्यांना सवय होती. ती नरमली नाही. पट्ट्या बांधलेले हात तिनं पाठीमागं घेतले होते.  ती जागची हलली नाही.

"मी दुसरा इंजिनिअर पाठवीन," पराडकर म्हणाले. "एका दिवसात अठरा आकडे घालून जाईल."

"पाठवा. मी त्यालाही हेच सांगेन."

"कुठल्या नात्यानं? उद्यापासून तुम्ही कंपनीत नाही."

"मग बाहेरून सांगेन."

पराडकरांनी फाइल मिटली. बाहेर पाण्यावरून लाँचचा भोंगा आला आणि विरून गेला. ते उस्तादांकडं वळले. आता त्यांचा सूर बदलला होता. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

"उस्ताद, जागा तुमच्या दर्ग्याची. टॉवर कुणाच्या हाती द्यायचा ते तुमच्यावर आहे, असं संस्थेनं मला कालच लिहून कळवलंय. तुम्ही समजूतदार आहात. पोरगी हुशार आहे, उगाच आयुष्याचं वाटोळं करून घेतेय. मी हा कागद फाडतो. नवा देतो. तुम्ही तरी सांगा तिला."

उस्तादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. टॉवरच्या दाराची किल्ली काढली. आठ वर्षं वापरून तिचे दात गुळगुळीत झाले होते.

ते शाल्मलीपाशी गेले. तिचा पाठीमागचा हात धरून पुढं घेतला, पट्टीवर किल्ली ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"सांगितलं होतं, साहेब," ते म्हणाले. "कालही सांगितलं, आजही सांगितलं. ही माझंसुद्धा ऐकत नाही."